विहीणबाईंच्या ओळखी

माझ्या विहीणबाईंना आजवर एकही अनोळखी माणूस भेटलेलं नाही. जयगडहून रत्नागिरीला येणाऱ्या एसटीत त्या चढल्या की निवळी यायच्या आत शेजारणीचं माहेर, तिच्या नवऱ्याचं आजोळ आणि तिच्या गुडघ्याचं दुखणं एवढा ऐवज त्यांच्या ताब्यात आलेला असतो. स्टँडवर उतरेपर्यंत ती बाई यांच्या चुलत जावेची भाची निघते. निघाली नाही, तर त्या काढतात. एकदा एका कंडक्टरशी काही केल्या धागा जुळेना. शेवटी दोघांची दाढ एकाच डॉक्टरने काढली आहे असं निघालं, आणि तेवढ्या नात्यावर त्यांनी त्याला गणपतीत जेवायला बोलावलं. तो आला. बायकोमुलांसकट.

मी मात्र शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई. दोन माणसांची ओळख करून द्यायला तिसरं माणूस लागतं, असं मी मुलांकडून घोकून घेतलेलं. माझ्या लेकीनं जयगडच्या मासळीच्या धंद्यातल्या घरात लग्न ठरवलं, तेव्हा मी फार मोठ्या मनाची असल्यासारखी मान ताठ ठेवून सगळे विधी पार पाडले. ती मान अजून अधूनमधून दुखते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्हा दोघींची एकुलती एक नात, सई, तिकडे परदेशात शिकत होती. स्कॉटलंडच्या पार उत्तरेला, एका चिमुकल्या बंदरातल्या हॉटेलात तिला उन्हाळी सुट्टीत दोन महिन्यांचं काम मिळालं. त्याआधी पंधरा दिवस सगळ्यांनी मिळून हिंडावं, ओळखीच्यांकडे जावं, असा बेत होता. ऐन वेळी लेक-जावयांना रजा मिळेना, म्हणून त्यांनी दोन आज्यांना विमानात बसवून दिलं. मी तेव्हा अवघी अडुसष्ट वर्षांची होते. अक्कल यायची होती.

लंडनच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या साहेबानं विचारलं, इथं कोणाला भेटणार? विहीणबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "त्याला आधी विचारा, त्याचं आजोळ कुठचं." मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं ते काय सरकारी माणसाला त्याचं आजोळ विचारण्यासाठी? पण मागची रांग वाढत चाललेली, आणि या काही हलेनात. विचारलं. तो क्षणभर बावचळला आणि म्हणाला, आफ्रिकेत, मोंबासा. झालं. विहीणबाईंचे आजोबा दाभोळहून गलबत घेऊन मोंबासाला जात. साहेबानं शिक्का मारला तो हसत हसत. पुढे आठवडाभर त्या त्याचा उल्लेख 'आपला मोंबासावाला' असाच करत होत्या.

सई आम्हाला घ्यायला विमानतळाबाहेर उभी होती आणि पुढचे पंधरा दिवस ती आमच्याबरोबरच होती. लंडनमध्ये माझी एक खरीखुरी मैत्रीण होती, बी.एड.ची. तिला मी दोन महिने आधी कळवून गुरुवारी चार ते साडेपाच अशी वेळ ठरवून घेतली होती. तिनं चहा दिला, बिस्किटं दिली, गुडघे बदलल्याचं सांगितलं आणि पाच पंचवीसला घड्याळाकडे पाहिलं. मी विहीणबाईंना म्हटलं, बघा, याला म्हणतात शिस्त. त्यांनी पर्समधून एक चुरगळलेला कागद काढून सईला पत्ता वाचायला दिला. दाभोळला यांच्या माहेरच्या शेजारी जहाजावर काम करणाऱ्यांचं एक मुसलमान घर आहे. तिथल्या खालाची मुलगी लंडनात दिलेली. यांनी तिला उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं. आधी फोन करू या, असं मी तीनदा सुचवलं. "शेजारी जायला फोन कशाला?" म्हणत त्यांनी घंटा वाजवली. दार उघडलं, यांनी दाभोळचं नाव घेतलं, आणि त्या बाईनं यांना जी मिठी मारली ती सोडवायला घरातली दोन माणसं लागली. आम्ही चहाला गेलो होतो, चौथ्या दिवशी निघालो. हॉटेलातली आमची खोली मात्र शिस्तीत रिकामी राहिली.

असं करत करत आम्ही त्या उत्तरेच्या बंदरात पोचलो. दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं आम्हा दोघींना परत निघायचं होतं आणि त्याच्या पुढच्या सकाळी सईचं काम सुरू व्हायचं होतं. सामान लावता लावता पोरीला एकदम रडू फुटलं. म्हणाली, "मी तुमच्याबरोबर परत येते. इथं माझं कोणीच नाही." मी तिला स्वावलंबनावर पंधरा मिनिटं ऐकवलं. त्यात दोन इंग्रजी सुविचार होते. पोर आणखीच रडायला लागली. विहीणबाई तिच्या केसांना तेल चोपडत होत्या. म्हणाल्या, "उद्या बस येईपर्यंत थांब, बाय. मग काय ते ठरव."

सकाळी उठून बघते तर विहीणबाईंचा पलंग रिकामा. गाऊनवर स्वेटर चढवून मी धक्क्याकडे धावले. तिथं मासळी विकणाऱ्या एका धिप्पाड बाईच्या पुढ्यात या उभ्या. एक बांगडा उचलला, कल्ले उघडून पाहिले, नाक मुरडलं, खाली ठेवला. दुसरा उचलला, मान डोलावली. ती बाई कमरेवर हात ठेवून हसायला लागली. मी मध्ये पडून ओळख करून द्यायला गेले, तर त्या बाईचं इंग्रजी मला कळेना आणि माझं तिला. मला एका उलट्या क्रेटवर बसवून त्या दोघी बांगडे साफ करत गप्पा मारत होत्या, एक मराठीत, एक तिच्या भाषेत. तासाभरात विहीणबाईंना तिचे दोन मुलगे, मेलेला नवरा आणि समोर जाळं शिवत बसलेला तिचा दीर, एवढं सगळं ठाऊक झालं होतं. कसं, ते विचारू नका. मी शेजारीच होते आणि मला काही कळलं नाही.

अकरा वाजता त्यांनी सईला हाताला धरून तिथं आणलं. "सांग यांना, मी कोणाची कोण." सई लाजत इंग्रजीत म्हणाली, ही माझी आजी. "पुरतं सांग. तू एकटी हायस ते सांग. रडतेस ते पण सांग."

"आजी, असं कोणी सांगतं का?"

"नाय सांगितलंस तर त्यांना कळणार कसं?"

पोरीनं खाली मान घालून सांगितलं. त्या कोळणीनं हात पुसले, सईची हनुवटी वर केली आणि काहीतरी विचारलं. सुट्टी कोणत्या वारी, असं. सोमवारी, म्हणाली सई. मग सोमवारी जेवायला तिच्याकडे, असं ठरलं. दिराला मंगळवारची संध्याकाळ हवी होती. त्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याला सोबत लागते म्हणे. पुढे विहीणबाईंनी सईला पावाच्या दुकानात नेलं, चर्च झाडणाऱ्या बाईकडे नेलं, आणि प्रत्येक दारात तिच्याकडून तेच वदवून घेतलं. पाचव्या दारात सईचा आवाज कापत नव्हता.

बस आली तेव्हा तिनं स्वतःची बॅग उचललीच नाही. आमच्या तेवढ्या चढवल्या.

बसमध्ये शेजारच्या रांगेतल्या म्हाताऱ्याकडे विहीणबाईंनी पाहिलंसुद्धा नाही. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "मी सतरा वर्षांची जयगडला आले. महिनाभर विहिरीवर माझ्याशी कोणी बोललं नाय."

"मग?"

"मग एकीला मीच विचारलं, तुझं माहेर कुठचं? तर घागर तिथंच ठेवून रडायलाच लागली. तिला पण कोणी विचारलं नव्हतं."

वीस वर्षांहून जास्त काळ आम्ही विहिणी. त्यांच्या हातचं किती वेळा जेवले, त्यांच्या बोलण्याची नक्कल करून माझ्या मैत्रिणींना किती वेळा हसवलं. पण त्यांच्या माहेराबद्दल मी कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं. घसा खाकरून मी म्हटलं, दाभोळला तुमचं घर नेमकं कुठे हो, खाडीच्या तोंडाशी की आत? त्या माझ्याकडे वळल्या. शहर येईपर्यंत सांगत होत्या, आणि बस थांबली तेव्हा त्या जेमतेम अंगणातून घरात शिरल्या होत्या.