पीनट बटर उपवासाला चालतं!

हसायचं असेल तर चहा आधी संपवा, नाहीतर नाकातून येईल. महिनाभर उपवास करून वजन वाढवलेला माणूस कधी पाहिलाय का तुम्ही? नाही ना? मग नीट बघून घ्या, समोरच बसलाय!

त्याचं असं झालं. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात जत्रेला कबड्डीचे सामने भरतात. त्यात चाळिशी उलटलेल्यांचा एक गट असतो, सत्तर किलोच्या आतला. आमचा कॅप्टन बबन. काय माणूस आहे हो! पन्नाशीला टेकलाय, गुडघ्याला पट्टा बांधून खेळतो, पण चढाईला निघाला की समोरच्यांची पावलं आपोआप मागं सरकतात. एवढा खेळाडू, पण जत्रेची ढाल त्याच्या हाताला कधी लागली नव्हती. दरवर्षी शेजारची वाडी आम्हाला लोळवायची! यंदा त्यानं जाहीरच केलं, "गुडघा म्हनतोय, आता बास. ह्यो माझा शेवटचा डाव."

मी डाव्या कोपऱ्याचा गडी. आणि माझं वजन बहात्तर.

"नाना, दोन किलो उतरव," बबन म्हणाला. "तुझ्याबिगर कोपरा उघडा पडंल."

"न्हाई उतरलं तर पोपट हाय की!" मी म्हणालो, आणि सगळे खदखदून हसले. पोपट म्हणजे आमचा राखीव गडी. अंगानं उडदाचा पापड. इतकी वर्षं मैदानाबाहेर बसून बिचारा आमच्या चपला राखत आलाय.

हसणं झालं आणि मी शब्द दिला. आता वजन उतरवायचा आपल्याकडचा हुकमी रस्ता कोणता? उपवास! सोमवार, गुरुवार, शनिवार धरले. चतुर्थी आणि एकादशी वेगळ्या.

पहिल्याच सोमवारी सुप्याच्या कंपनीत दुपारपर्यंत डोळ्यांपुढं काजवे चमकले. सुटी झाल्यावर रस्त्यावरच्या दुकानात शिरलो, तर फळीवर एक बरणी. चॉकलेटच्या चवीचं पीनट बटर! बरणीवर एका पैलवानाचा दंड आणि शेजारी ठळक अक्षरात 'प्रोटीन'. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शेंगदाणा उपवासाला चालतो ना? मग हे का चालू नये?

घरी आमच्या मंडळींना शंका आली. "अहो, पन त्यात चॉकलेट हाय!"

"चॉकलेट धान्य हाय का?"

"न्हाई."

"डाळ हाय का?"

"न्हाई बा."

"मग झालं तर! आन चमचा."

काय चीज होती म्हणून सांगू! जन्मभर दाण्याचा कूट खाल्ला, दाण्याची आमटी ओरपली, पण या शेंगदाण्यात एवढं लोणी दडलंय हे कुणी सांगितलंच नव्हतं. प्रोटीन आहे, पोट भरतं, ताकद येते, सगळं खरं. ज्यानं शोधलं त्याचे पाय धरावेत! मी केळ्याला लावून खाल्लं, राजगिऱ्याच्या लाडवाला लावून खाल्लं, साबुदाणा वडा त्यात बुडवून खाल्ला. चमच्यानं उरकेना म्हणून पळी घेतली. पुढं पुढं तर मंगळवारी वाईट वाटायला लागलं, कारण मंगळवारी नुसती भाकरी!

इकडं गावात माझी कीर्ती पसरली. देवळापुढं बबन सगळ्यांना सांगायचा, "नानाकडं बघा! गावासाठी महिनाभर उपाशी ऱ्हातोय गडी. ह्याला म्हनत्यात निष्ठा!" मी मान खाली घालून विनयानं हसायचो. कुणी विचारलं तर सांगायचो, थोडा फराळ घेतो. खोटं होतं का? नव्हतं!

पँट घट्ट झाली तेव्हा मी घरी म्हणालो, "बघ, छाती भरतीय."

मंडळी म्हणाल्या, "छाती लई खाली सरकलीय मग."

जत्रेचा दिवस उजाडला. वजनाला कांद्याच्या व्यापाऱ्याचा काटा आणलेला. सगळ्या गावादेखत मी ऐटीत चढलो. काट्यावरच्या हमालानं आकडा बघितला, मला बघितलं आणि बाजारात आरोळी द्यावी तसा ओरडला, "पंच्याहत्तर! माल ओला हाय, वाळवून आना!"

"काटा बिघडलाय!" मी ओरडलो. त्यानं लगेच कांद्याची पन्नास किलोची भरलेली गोणी ठेवली. बरोब्बर पन्नास. काटा चोख होता.

गर्दीतली एक म्हातारी गहिवरून म्हणाली, "उपासानं अंग धरलं! देव पावला रं नाना!"

बबन जवळ आला. "नाना, खरं सांग. खाल्लंस काय?"

मी गोणीच्या आड सरकलो. मग आमच्या मंडळींनीच बायकांतून आवाज दिला, "मी सांगते भाऊजी! बरनीच्या मागं बारीक अक्षरात सगळं लिवलंय. दोन चमचे खाल्ले तर भाकरीयेवढं बळ, वर साखर निराळी. दोन चमचे खायाला चांगलंच हाय की ते! ह्यांनी एका बैठकीला पाव बरनी हानली. सांगाया गेले तर म्हनले, उपास करनाऱ्याला टोकू नये!"

गाव हसून हसून लोळलं. बबन मात्र हसला नाही. त्यानं खाली बसून गुडघ्याचा पट्टा आवळला आणि हाक मारली, "पोपट, कापडं बदल." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याचा शेवटचा डाव, आणि मी तो चॉकलेटात बुडवला होता.

पोपट आत गेला आणि त्याच्या जागेवर, चपलांपाशी, मी बसलो.

सामना शेवटपर्यंत बरोबरीत. शेवटच्या चढाईला वाडीचा सगळ्यात तगडा गडी आला तो थेट डाव्या कोपऱ्यावर. पापड दिसला ना त्याला! पोपट खाली वाकला, त्याचा घोटा धरला आणि जो चिकटला, तो सुटेचना. गडी त्याला फरफटवत निघाला, तोवर बबननं मागून झडप घातली. शिट्टी! जिंकलो! एका गुणानं जिंकलो! तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी असतो तर वाकताच आलं नसतं मला.

ढाल काखोटीला मारून बबन लंगडत माझ्याकडं आला, मागोमाग पोपट. मी उठून पोपटापुढं त्याच्या चपला ठेवल्या आणि बबनला म्हणालो, "चुकलो रं. माफ कर."

त्यानं मला कडकडून मिठी मारली. हात काही पाठीमागं पुरले नाहीत.

"माफी कसली मागतोस, नाना? मी काय आता खेळनार न्हाई, पन गावासाठी येवढं कर. पुढच्या जत्रेपातुर उपास सोडू नगंस!"