काकूंच्या हातातला माऊस

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बेटा."

काहीही बिघडलं की काका आधी बोट वर करून हे सांगत आणि मगच त्याला हात लावत. मिक्सर असो, पाण्याची मोटार असो, नाहीतर जिन्यातला दिवा. सगळी नोकरी त्यांनी सरकारी प्रयोगशाळेत विजेचे मीटर तपासण्यात घालवली होती. तुमच्याही इमारतीत असा एखादा माणूस असेल. हैदराबादच्या अंबरपेठेतल्या आमच्या इमारतीत तो माझ्या समोरच्या दारात राहत होता.

काका तीन पिढ्यांचे हैदराबादी. 'हो'च्या जागी त्यांच्या तोंडी 'हौ' यायचं. माझी पुण्याची मराठी ऐकून म्हणत, "तू बोललीस की बातम्या लागल्यासारखं वाटतं." आतून काकू खळखळून हसायच्या.

ते हसणं मला जेमतेम वर्षभर ऐकायला मिळालं. स्नायू एकामागून एक निकामी करणाऱ्या आजाराने काकूंचं चालणं नेलं, मग बोलणं. शेवटी उजवं मनगट इंचभर हलायचं आणि एक बोट दाबता यायचं, एवढंच उरलं.

तेवढ्यावर काकांनी त्यांना पुन्हा बोलतं केलं. जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्यांनी एक पाटी तयार केली: पाणी, पंखा, कूस, दुखतंय, होय, नको आणि खाली सगळी अक्षरं. काकू माऊस सरकवून हव्या त्या शब्दावर बोट दाबायच्या. शेजारी मुलीने परदेशातून पाठवलेला लॅपटॉप होता, तिला व्हिडिओवर बघायला. माऊस मात्र दोन्हींना मिळून एकच, कारण काकूंच्या आखडलेल्या पंजात तेवढाच बसायचा. त्याच्या पोटाखालचं बटण दाबलं की तो एका मशीनवरून दुसऱ्यावर जायचा.

एका सोमवारी डॉक्टर घरी आले. श्वास कमी पडतोय, म्हणाले. गळ्याला भोक पाडून नळी घालायची आणि मशीन लावायचं की नाही, ते या आठवड्यातच ठरवायला हवं. "अम्मांनाच विचारा," जाताना त्यांनी काकांना बजावलं. "तुम्ही ठरवू नका."

दहा-बारा दिवसांपासून माऊस अधूनमधून अडखळत होता. त्या दुपारी तो पार बिथरला. काकांनी माझं दार वाजवलं तेव्हा ते घामाघूम झाले होते.

"तू कॉम्प्युटरवाली ना? जरा ये. ती काहीतरी सांगतेय आणि मला कळत नाही."

मी गेले. पडद्यावरचा बाण 'होय'कडे निघाला, मध्येच उडून 'पंखा'वर गेला, तिथून 'नको'वर. काकूंचं बोट दाबलं गेलं तेव्हा तो 'दुखतंय'वर होता.

"कुठे दुखतंय? छातीत?" काका खाली वाकले.

काकूंनी डोळे मिटून घेतले.

दोन दिवस आम्ही त्या माऊसच्या मागे लागलो होतो. सेल बदलले. तळ कापसाने पुसला. खालचं रेक्झिन काढून वहीचा पुठ्ठा ठेवला. मी कॉम्प्युटरमधलं माऊसचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. काका काचीगुड्याच्या बाजारात जाऊन नवा माऊस घेऊन आले, पण काकूंचं बोट त्याच्या बटणापर्यंत पोचेना. प्रत्येक बदल वेळेसकट वहीत उतरत होता. पानागणिक काकांचं अक्षर वाकडं होत चाललं होतं. आणि शेजारी काकूंचा श्वास, बारीक शिटीसारखा.

सगळ्यात वाईट म्हणजे आमच्या हातात माऊस बहुतेक वेळा सरळ चालायचा.

बुधवारी काका मला बाल्कनीत घेऊन गेले. "खरं सांग," ते हळूच म्हणाले. "माऊस नाही ना? तिचा हात गेला ना?"

मी आत आले. काकू तेव्हाही प्रयत्न करत होत्या आणि बाण भिरभिरत होता. त्याच क्षणी मी त्यांच्या हाताखालून माऊस काढून घेतला आणि अगदी सावकाश सरकवला. माझ्या हातातही बाण तसाच उड्या मारू लागला.

"अगं, हात ठीक आहे तुझा!" काका ओरडले. कॉटचा दांडा धरून ते रडायला लागले.

मी पोटाखालचं बटण दाबून माऊस लॅपटॉपवर नेला. तिथे तो सुतासारखा सरळ. म्हणजे दोष जुन्या कॉम्प्युटरकडे. मी मागे वाकून पाहिलं. माऊसचा नखाएवढा रिसीव्हर होता, आणि त्याला चिकटून एक काळी हार्ड डिस्क. तिचा दिवा लुकलुकत होता.

"हे काय आहे, काका?"

"तिचा आवाज," ते म्हणाले. "मुलीच्या फोनात हिचे जुने मेसेज आहेत. जेवलीस का, स्वेटर घाल, असले. मुलगी पाठवते, दहा-बारा दिवस झाले, मी रोज दुपारी थोडे उतरवून ठेवतो."

अशी डिस्क चालू असली की जवळच्या रिसीव्हरला माऊसचा इशारा नीट पोचत नाही, हे मला माहीत होतं. दोन दिवस सुचलं मात्र नव्हतं. मी ती काढली. बाण शांत झाला.

"परत लाव," काका म्हणाले. बाण उडाला. "काढ." थांबला. त्यांनी ते वहीत लिहिलं, डोळे पुसले आणि काकूंजवळ बसले.

"नळी घालायची? मशीन लावायचं?"

बाण सावकाश, सरळ 'नको'वर गेला. बोट दाबलं गेलं.

काकांनी उठून पाटीवरच्या 'होय' आणि 'नको'च्या जागा बदलल्या. "बाण एकाच बाजूला ओढत असेल तर..." त्यांचं वाक्य तिथेच राहिलं. त्यांनी पुन्हा विचारलं. बाण सगळा पडदा ओलांडून दुसऱ्या टोकाला गेला. नको.

मग काकूंनी एकेक अक्षर जुळवलं. पाच मिनिटं लागली. 'रागावू नका.'

"हौ," काका म्हणाले. "रीडिंग बरोबर आहे." डॉक्टरांना फोन त्यांनीच केला.

त्यानंतर काकू अकरा दिवस होत्या.

पुढे मुलगी येऊन काकांना घेऊन गेली. समोरच्या दारात आता दुसरे लोक राहतात. निघायच्या सकाळी काका मला जिन्यात भेटले.

"बरी आहेस ना, बेटा?"

मी "हो" म्हटलं. ते त्यांना ऐकू गेलं नसावं. काकूंच्या मनगटाकडे बघायचे तसे माझ्या उजव्या हाताकडे बघत ते उत्तरासाठी थांबून राहिले.