दोन सेफ्टी पिनांवरची मोटर

चार शिक्षक एका पंगतीला बसले की जिलबी येईपर्यंत किश्श्यांची एक फेरी होतेच. माझा नंबर आला की सगळे म्हणतात, "मॅडम, तुमची ती मोटर सांगा!" एक सेल, दोन सेफ्टी पिना, तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि फुटक्या स्पीकरातलं चुंबक, एवढाच त्या मोटरीचा संसार. पण तिनं एका वर्षात इतके किस्से दिले की एक सांगायला घ्यावा तर दुसरा पाठोपाठ हजर!

आमची शाळा धारूरच्या घाटाजवळच्या एका गावातली. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि निम्मे बाक रिकामे होतात. म्हणून प्रोजेक्ट जो काही करायचा तो दिवाळीच्या आत. त्या वर्षी आठवीला मी मोटर दिली.

*

"उद्यापासून आपण वर्गात मोटर बनवायची," असं म्हटल्याबरोबर पोरं ताठ बसली. बाळूचा हात वर.

"मॅडम, किती एचपीची?"

मागून दुसरा, "हिरीवरची का बोअरची?"

मी म्हटलं, "अरे, तळहातावर मावेल एवढी!"

वर्गाचे चेहरे पडले. बाळू म्हणाला, "मंग तिनं पानी कुनाचं वढायचं?"

शेवटी पहिल्या बाकावरच्या मुक्तानं माझी बाजू घेतली. "बारकी हाय तवर बारकं काम करंल की!"

ही मुक्ता वर्गात सगळ्यात हुशार आणि हजेरीत सगळ्यात मागं. आईबाप दोघं कोयत्यावर. ते ऊस तोडायचे आणि ही फडाच्या कडेला दीड वर्षाच्या भावाला सांभाळायची. दिवाळीला गेली की थेट गुढीपाडव्यालाच दिसायची. यंदाही गेली तर पुन्हा दप्तर घेऊन येईल याची मला खात्री नव्हती. हे मी कुणाला बोलले नव्हते, पण आतून भीती वाटायची.

*

सगळ्यात आधी जोडून झाली बाळूची मोटर. फिरेना. मी फळ्याकडे वळले तेवढ्यात मागं घळघळ आवाज! बघते तर बाळूनं पाण्याची अख्खी बाटली मोटरीवर रिकामी केलेली.

"अरे, हे काय केलंस?"

"मॅडम, हवा धरली आसंल. पप्पा पानी वतल्याबिगर मोटर चालूच करत न्हाईत!"

आता याला रागवायचं तरी कसं? त्याच्या घरची मोटर रोज पाणी प्याल्याशिवाय उचलत नाही. सेल, वही, बाक, सगळं तृप्त झालं. मोटर तेवढी ढिम्म.

*

पण खरं सांगायचं तर त्या आठवड्यात कुणाचीच मोटर फिरली नाही. अकरा मोटरी, अकराही गप्प. मी फळ्यावर झोकात आकृती काढली आणि करंट पालटणाऱ्या टोकांसाठी 'दिक्परिवर्तक' असा दणदणीत शब्द लिहिला. मुक्तानं तो वहीत उतरवला आणि हळूच विचारलं,

"मॅडम, तुमी सवता कदी फिरवली का मोटर?"

बी.एस्सी. फिजिक्स, बी.एड., बारा वर्षांची नोकरी. आणि उत्तर काय? "नाही गं."

पोरं हसली नाहीत, हे त्यांचे उपकार.

*

बाजाराच्या दिवशी मी मुक्ताला घेऊन धारूरला गेले. तिथं शब्बीरचाचांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. पंचक्रोशीतल्या सगळ्या जळालेल्या मोटरी शेवटी त्यांच्याच दारात येतात. चाचांनी आमचं वेटोळं हातात घेतलं आणि चक्क हुंगलं!

"मॅडम, ही तार कुठून आनली?"

"पोरांनी बांधावरच्या जळक्या मोटरीतून काढली."

"तरीच! अवो, ह्या तारेवरचं वार्निश कवाच जळालं. येढ्याला येढा चिकटतो अन् करंट मधल्यामधी पळून जातो. ही कशाला फिरती!"

तांबं फुकट मिळतंय म्हणून आख्ख्या वर्गानं मयत तार गुंडाळली होती.

चाचांनी नवी तार दिली, वेटोळं करून दिलं आणि ब्लेडनं टोकं खरवडायला घेतली. एक टोक सगळीकडून खरवडलं. दुसऱ्याचं मात्र वरच्याच बाजूचं, खालचं वार्निश तसंच ठेवलं. मी म्हटलं, "अर्धं राहिलं की!"

"ऱ्हायलं न्हाई, ठिवलंय. अर्धा फेरा करंट, अर्धा फेरा सुट्टी. कायम ढकलत बसलं तर जागच्या जागी आडकून बसती."

आणि वेटोळं भिर्रकन फिरायला लागलं! मुक्तानं दोन्ही हात तोंडावर घेतले. बारा वर्षं मी जो शब्द फळ्यावर लिहीत होते, तो त्या दिवशी मला समजला. शाळा न शिकलेल्या माणसानं शिकवला. त्यांचं नाव घेतलं की आजही माझे हात आपोआप जोडले जातात.

पण मी पडले शिक्षिका! मला ती मोटर जरा वाकडी वाटली. नीट करावी म्हणून पिनेला बोट लावलं, आणि बंद. चाचांनी कपाळावर हात मारला.

"या अल्ला! मॅडम, फिरती मोटर दुरुस्त करायची नसती!"

मी ते वाक्य डायरीत लिहिलं. मुक्तानं पाठ केलं.

*

आठ दिवसांत अकराच्या अकरा मोटरी फिरल्या. हेडसर बघायला आले. हात मागं बांधून मिनिटभर मुक्ताच्या मोटरीपुढं उभे राहिले.

"छान. पण ही करते काय?"

"फिरती, सर."

"ते दिसतंय. पण फिरून करते काय?"

मुक्तानं माझ्याकडे बघितलं, मी छताकडं.

*

खंडेनवमीला मी मुक्ताच्या घरी गेले, तिला यंदा नेऊ नका म्हणून सांगायला. देवापुढं आईबापाचे दोन कोयते मांडलेले आणि मधोमध मोटर! मुक्ताचे वडील अंकुश हसत म्हणाले, "पोरीचं बी हत्यार हाय म्हनलं."

मुक्तानं मोटर चालू केली. गप्प! चुंबक फिरवलं, सेल बदलला, तरी गप्प. पोरगी रडकुंडीला आली. मी वाकून बघितलं. तिच्या आईनं भक्तिभावानं हळदकुंकवाची चांगली जाड बोटं ओढली होती, आणि तीही नेमकी खरवडलेल्या टोकांवर!

"म्हंजी पूजा केली म्हनून बसली व्हय!" अंकुश म्हणाले.

मुक्तानं ब्लेड घेतलं, टोकं साफ केली. वेटोळं भिर्रर्र! आणि आईच्या कडेवर सकाळपासून किरकिरणारा बारका भाऊ एकदम हसला. मोटर थांबली की भोकाड, फिरली की हसू. अंकुशनी तीनदा थांबवून पाहिलं.

मग मी विषय काढला. अंकुशनी बारक्याला कडेवर घेतलं.

"मॅडम, तुमचं खरं हाय. पन आमी फडात आसताना ह्याला कोन बघनार?" मग त्याला थोपटत म्हणाले, "पोरीला ठिवतो चुलतीकडं, सक्रांतीपस्तोर. न्हाईच निभलं तर मानूस धाडून घिऊन जाईन. मंग आडवं येऊ नका."

ऊसतोडीला जाणारा ट्रक निघाला त्या दिवशी मुक्तानं मोटर फडक्यात बांधून वडिलांच्या हातात दिली आणि म्हणाली, "बारका रडला की फिरवा."

*

संक्रांत झाली. दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत माझा मोबाइल वाजला. अंकुश! समोर मुक्ता तिळगुळाचा डबा घेऊन उभी. फोन कशासाठी असणार, ते तिलाही कळलं.

"मॅडम, पोरीला द्या जरा."

मी फोन स्पीकरवर टाकून तिच्यापुढं धरला. पलीकडं बारका टाहो फोडत होता.

"मुक्ते, कालपसून मोटर बंद हाय! हे पोरगं घास घेईना का झोपंना. तुजी माय फडात जाईना झाली. काय करू?"

मुक्तानं डबा खाली ठेवला. "पानी न्हाई ना वतलं?"

"न्हाई गं!"

"टोकं काळी पडलीत का?"

"चुलीजवळ ठिवलीती. काळी कुट्ट झालीत."

"ब्लेडनं खरवडा. एक टोक सगळं. दुसरं निस्तं वरून, खालचं ठिवायचं."

आम्ही दोघी फोनवर वाकलो. पलीकडं खरखर, खरखर. मग एकदम रडणं थांबलं. बारका खिदळला, आणि मागून आख्ख्या टोळीचा गलका, "फिरली! फिरली!"

"मुक्ते, लई जोरात फिरायली!" अंकुश ओरडले. "जराशी वाकडी हाय, नीट करू का?"

"बाबा, हात लावू नका! फिरती मोटर दुरुस्त करायची नसती!"

मी फोन कानाला लावला. विचारायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवेना. "अंकुश, मग मुक्ताला न्यायला कोण येतंय?"

"कशाला न्यायची? आत्ता पोरगी काय म्हनली, आयकलं न्हाई व्हय, मॅडम?"

आणि फोन कट!