साडूची हवा

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर एसटी चालवली, आणि त्यातली निम्मी वर्षं माळशेज घाटात. म्हणून मी पहिली बस बनवली ती त्यांच्यासाठी. सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका कडक पुठ्ठा, कापून केलेली, हातभर लांबीची, लाल-पिवळी. मी नारायणगावात रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर सुया, काचा आणि थेंब. त्यामुळे बोटं थरथरत नाहीत. बसच्या खिडक्या सरकतील अशा केल्या होत्या, मागे टपावर चढायची शिडी होती, ड्रायव्हरच्या दाराला खटका होता. सासऱ्यांनी घाटाजवळच्या मढ गावातल्या घरात ती टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये मधल्या कप्प्यात ठेवली. आल्यागेल्याला ते सांगायचे, "धाकट्या जावयानं केलीय. दार उघडून बघा, मोडत नाय."

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझा साडू, मंचरला असतो. फवारणीचे पंप विकणं आणि दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. मोठ्या आवाजाचा, लगेच जीव लावणारा माणूस. तो आला की घरातल्या बायका दुसऱ्यांदा चहा टाकतात. माझी बस बघून त्यालाही नाद लागला. "पावणं, मलाबी शिकवा की राव," म्हणाला. मी शिकवलं. कोणता सनबोर्ड घ्यायचा, कोणता गोंद तो वितळवत नाही, चाकं कशाची करायची, सगळं. त्याच्या पहिल्या दोन गाड्या वाकड्या झाल्या. तेव्हा मी त्याचं फार मनापासून कौतुक केलं, हे मला आठवतं.

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे मढला जमलो होतो. साडूने खोक्यातून एक बस काढून सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवली. मी वाकून पाहिलं. रंगावर ब्रशचा एक माग नव्हता. टपाचा लाल उन्हाने उडाल्यासारखा फिका. धुराच्या नळीच्या वर काजळी. आणि चाकांच्या मागे पत्र्यावर उडालेली धूळ, खाली दाट आणि वर जाता जाता विरत गेलेली. ती कुठे संपते ते डोळ्याला सापडत नव्हतं. सासऱ्यांनी चष्मा लावला. मग त्यांनी अंगठ्याने ती धूळ पुसून पाहिली. धूळ निघेना, तेव्हा ते लहान मुलासारखे हसले.

"ही आत्ताच घाट उतरून आलीय," ते म्हणाले.

शोकेसचा मधला कप्पा एकच होता. माझी बस फ्रिजवर गेली, औषधांच्या डब्याशेजारी.

"एअरब्रश आणलाय," साडू सगळ्यांना सांगत होता. "पेनासारखा असतो. हवेवर रंग उडतो. आपला फवारणीचाच प्रकार, फक्त बारीक."

परतीच्या वाटेवर गाडीत बायको म्हणाली, "दाजींनी छान केलीय ना हो?"

"मशीननं केलीय," मी म्हणालो.

"मग तुम्हीपण आणा की मशीन. त्यांना विचारा काय काय लागतं ते."

विचारायचं? ज्याला मी गोंद लावायला शिकवलं, त्याला?

पुढचे काही महिने मी लॅबमधून आल्यावर हिंदीतले व्हिडिओ बघत बसायचो. लवकरच कळलं की नुसता एअरब्रश घेऊन काही होत नाही. त्याला हवा देणारा कॉम्प्रेसर लागतो. दोघांना जोडणारी नळी लागते. हवेचा दाब कमी-जास्त करायला रेग्युलेटर, ब्रश टेकवायला स्टँड, धुताना घाण पाणी ज्यात फवारायचं ती बरणी, ब्रशच्या आतली सुई साफ करायच्या केसाएवढ्या कुंचल्या, तोंडाला मास्क. जो तो वेगळीच यादी सांगायचा. एकाला जे अगदी आवश्यक, ते दुसऱ्याला वायफळ. मला मात्र एकच यादी हवी होती. साडूच्या टेबलावर काय आहे ती.

ते टेबल बघायला मी एका रविवारी मंचरला गेलो. निमित्त होतं काचेच्या ड्रॉपरचं. रंग मोजून मिसळायला त्याने मला लॅबमधले चार नवे ड्रॉपर मागितले होते. दुकानाच्या मागच्या खोलीत त्याने सगळं मांडलं होतं. पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्याला स्वयंपाकघरातला पंखा बसवून त्याने रंगाची वाफ बाहेर टाकायची सोय केली होती. त्यापुढे ब्रश स्टँडवर टेकलेला, बरणी, गुंडाळलेली नळी, आणि द्राक्षबागेत फवारताना लावतात तसा दोन डब्यांचा मास्क. टेबलाखाली छोट्या टाकीचा कॉम्प्रेसर. इतकं नीटनेटकं, की माझ्या लॅबची मला लाज वाटली.

बाहेर कुणी पंप घेऊन आलं म्हणून तो उठून गेला. मी मोबाईल काढला आणि पटकन टेबलाचा फोटो घेतला. आयुष्यात मी कधी कुणाच्या खिशाला हात लावलेला नाही, पण तेव्हा तसंच काहीतरी केल्यासारखं वाटलं. तो परत आला तेव्हा मी चहा पीत कॅलेंडर बघत होतो.

घरी येऊन मी फोटो मोठा करून एकेक वस्तू मागवली. पण हुबेहूब तशी नाही. प्रत्येक वस्तू त्याच्याहून थोडी वरची. त्याच्या ब्रशला एक सुई होती, मी तीन सुयांचा घेतला. त्याची नळी साधी, माझी विणीच्या आवरणाची. त्याच्या कॉम्प्रेसरची टाकी तीन लिटरची दिसत होती, मी सहाची घेतली. एका कॉम्प्रेसरसोबत वॉटर ट्रॅप म्हणून काहीतरी काचेची वाटी होती, पण तो यायला पंधरा दिवस लागणार होते. बिनवाटीचा दोन दिवसांत येत होता. फोटोत तशी वाटी कुठे दिसत नव्हती. मी बिनवाटीचा मागवला.

खोकी आली, आणि नळीचं टोक कॉम्प्रेसरवर बसेना. आटे वेगळे. मी दोन्ही वस्तू पिशवीत घालून नळ-पाइपच्या दुकानात गेलो, तिथून पंक्चरवाल्याकडे. त्याने डब्यात हात घालून पितळेचा एक जोड शोधून काढला, पांढरी टेप गुंडाळून घट्ट बसवला आणि विचारलं, "हवा कशाला मारायचीय, भाऊ?"

"रंगाला."

"मग पाणी बघा हां. टाकीत पाणी साठतं. पावसाळ्यात तर लई."

मी हो हो म्हणालो आणि निघालो. व्हिडिओ बघून माझं शिक्षण पूर्ण झालेलं होतं.

श्रावणात सासऱ्यांची पंच्याहत्तरी होती. त्यासाठी मी नवी बस कापली. दोन महिने लागले. यावेळी आतली बाकं, कंडक्टरची घंटी आणि तिची दोरीसुद्धा केली. रंगासाठी रविवारची दुपार निवडली. आधी जुन्या पुठ्ठ्यावर हात चालवून पाहिला. खटका दाबला की हवा, मागे ओढला की रंग. लाल रंगाची वाफ पुठ्ठ्यावर अलगद बसली, आणि मला इतका आनंद झाला की मी एकटाच मोठ्याने हसलो. आता मढला सासरे अंगठा कुणाच्या बसवर फिरवतात ते बघू, असं मनात आलं.

बसची डावी बाजू झकास झाली. उजवी अर्धी झाली आणि ब्रश थुंकला. आधी एक थेंब, मग चार, मग रंगाबरोबर नुसतं पाणी. ओल्या लाल रंगावर जागोजाग फोड आले. देवीचे वण असावेत तसे. मी घाबरून थिनर लावलेल्या कापडाने पुसायला गेलो. थिनरने रंग तर गेलाच, खालचा सनबोर्डही मऊ पडला आणि दोन खिडक्यांमधली पट्टी वाकली.

बायको दारात येऊन उभी राहिली. तिने बसकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत गेली. थोड्या वेळाने आतून तिचा फोनवरचा आवाज आला. "दाजी, उद्या जमेल का यायला?"

मी तिच्यावर चिडलो, अगदी वाईट बोललो. ती म्हणाली, "पंच्याहत्तरी माझ्या वडलांची आहे. तुमच्या दोघांची नाही."

दुसऱ्या दिवशी साडू रेनकोट घालून मोटरसायकलवर आला. कॉम्प्रेसरपुढे उकिडवा बसला. "मोठा घेतलाय की राव," म्हणाला. त्याने टाकीखालचा नट सैल केला. फुस्स करून लादीवर गढूळ पाण्याचं थारोळं झालं.

"ट्रॅप न्हाई बसवला?"

"तो लागतोच का?" मी विचारलं.

त्याने पिशवीतून हवेतलं पाणी अडवणारी एक काचेची वाटी काढली, तिला रेग्युलेटर जोडलेला होता. ती बसवता बसवता, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "पावणं, त्या दिवशी फोटो काढला तवा पलीकडनं काढायचा व्हता. ट्रॅप टेबलाच्या पायाआड ऱ्हायला."

माझे कान तापले. तो हसला असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. पण तो हसला नाही. त्याने दाब वीस पौंडावर आणला, रंग दुधाइतका पातळ करून दाखवला, ब्रश किती लांबून धरायचा ते माझा हात धरून सांगितलं. मी लॅबमध्ये नव्या मुलींना सुई धरायला जसं शिकवतो, अगदी तसं.

मग त्याने माझी ती खराब झालेली बस हातात घेतली. खिडकीची काच सरकवली. परत सरकवली. घंटीची दोरी ओढली.

"ह्ये मला आजवर जमलं न्हाई," तो म्हणाला. "माझी बॉडी तयार कापून येती."

"म्हणजे?"

"ऑनलाइन मिळती. मशिनीवर कापलेली. मी नुसती चिकटवतो अन् रंगवतो."

मला जे वाटलं ते लिहायला हवं. मला आनंद झाला. स्वयंपाकघरात बायको होती. मी आवाज चढवून पुन्हा विचारलं, "म्हणजे बॉडी तयार मिळते? तुम्ही कापत नाही?"

"न्हाई हो," तो तितक्याच मोठ्याने म्हणाला. "आपली बोटं पाना धरायची."

आतून बायको फक्त "चहा ठेवलाय" म्हणाली.

वाकलेली पट्टी मी नवी बसवली आणि तीन दिवसांत बस पुन्हा रंगवली. धूळ मला साडूसारखी विरवता आली नाही, पण फोड आले नाहीत. पंच्याहत्तरीला मढच्या घरात माणसं मावत नव्हती. सासऱ्यांनी बस मांडीवर घेतली, घंटी वाजवली, जुन्या सोबत्यांना दाखवली. मग रंगावर हात फिरवून म्हणाले, "रंग थोरल्या पावण्यांचा दिसतोय."

मी काही बोलायच्या आत साडू म्हणाला, "न्हाई मामा. सगळं त्यांचंच. मी फक्त टाकीतलं पाणी काढून दिलं."

सगळे हसले. सासरे माझ्या पाठीवर थाप मारत होते, पण लोक बघत होते साडूकडे. किती मोठ्या मनाचा, असं दोघीतिघींनी म्हटलेलं मी ऐकलं. काम माझं, नाव माझं, आणि तरी प्रेम त्याच्या पानात पडलं. हातातलं श्रेय दुसऱ्याला देऊन टाकणं मला कधी सुचलंच नसतं, आणि त्याचीही मला असूया वाटली.

जेवताना मेहुणी, म्हणजे साडूची बायको, म्हणाली, "तुमचं काम झालं असेल तर ह्यांची ती वाटी द्या बाई परत. तेव्हापासून मशीन बंद पडलंय आमच्याकडं." मला वाटलं होतं त्याने जास्तीची आणली होती. त्याने स्वतःच्या कॉम्प्रेसरची काढून आणली होती.

मी नवा ट्रॅप मागवला आणि त्याचा परत द्यायला मंचरला गेलो. मागच्या खोलीत रंगाचं काही चाललं नव्हतं. टेबलावर कोरा सनबोर्ड आणि कटर. तयार बॉडी बंद करून तो आता स्वतः कापायला शिकत होता. पहिल्या चार खिडक्यांचे कोपरे फाटले होते, पण रेघा सरळ होत्या. माझ्या पहिल्या रेघांपेक्षा सरळ.

"पावणं, कोपरं कसं काढता?" त्याने विचारलं.

मी त्याला पट्टी कशी दाबायची ते दाखवलं, ब्लेड कितपत तिरकं ते दाखवलं, एका दमात न कापता तीन हलके हात द्यायचे ते सांगितलं. एक गोष्ट सांगितली नाही. आधी चारही कोपऱ्यांत सुईने भोकं पाडायची असतात. ब्लेड तिथे येऊन आपोआप थांबतं. लॅबमधल्या सुईनेच मला ते सुचलं होतं.

परतताना वाटेत कळंबला मी गाडी बाजूला घेऊन ते सांगायला फोन हातात घेतला होता. मग ठेवून दिला.

परवा त्याचाच फोन आला. "कोपरं अजून फाटतात राव. काय चुकतंय?"

"हात बसायला वेळ लागतो," मी म्हणालो, आणि त्याच्या मुलांच्या परीक्षेचं विचारलं.