“हा शर्ट माझा न्हाय”

अण्णा गेल्याचा वहिनीचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. हातात खडू तसाच. आधी दुःख झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल... आधी राग आला. वीस वर्षांचं आमचं एक भांडण अर्धवट होतं आणि हा माणूस ते तसंच टाकून निघून गेला. आता दीड महिना झालाय, म्हणून लिहायला बसलेय.

अण्णा माझा थोरला भाऊ, फौजेत हवालदार. आमचं घर सीमेकडच्या कुंभारी गावचं, बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी. मला तो 'तंगी' म्हणायचा, म्हणजे धाकटी बहीण. त्याच्याइतका शिवराळ माणूस पंचक्रोशीत नसेल. म्हैस, मोटार, भाऊबंद, कुणाचीच गय नाही. पण अंगात वर्दी असली की हाच माणूस परका वाटायचा. खिशात हात घालायचा नाही, तंबाखू नाही, गाड्यावर उभं राहून भजी खायची नाहीत, आवाज चढवायचा नाही आणि शिवी तर नाहीच. मलासुद्धा अहो-जाहो! रजेवर आला की आधी आत जायचा, शर्ट दाराआडच्या खुंटीला अडकवायचा आणि बनियनवर बाहेर येऊन पहिली शिवी हासडायचा. मग आई म्हणायची, आता आलं माझं पोरगं. मला या सगळ्याची लई गंमत वाटायची, माढ्याचा तो दिवस येईपर्यंत.

माढा माझं सासर. शिक्षिकेच्या नोकरीचा कागद आला आणि सासऱ्यांनी माझी सगळी प्रमाणपत्रं आपल्या कपाटात कुलपात घातली. सून बाहेर कमवायला जाणार नाही, विषय संपला. रुजू व्हायला तीन दिवस उरलेले. अण्णा रजेवर निघालाय हे ठाऊक होतं, म्हणून शेजारणीच्या मोबाइलवरून त्याला गाडीतच गाठलं. तो कुर्डुवाडीला उतरला आणि थेट आला. वर्दीतच.

सासरे ओसरीवर उभे राहून आमच्या आईवरून नाही नाही ते बोलले. गल्ली गोळा झाली. अण्णा ताठ उभा, हात पँटच्या शिवणीला चिकटलेले. मी दारातून बघत होते... बोल बाबा, एक शब्द तरी बोल. सासऱ्यांनी त्याची कॉलर धरली, वरचं बटण तुटून पायरीवर पडलं. तो इतकंच म्हणाला, “मामा, हात काढा. हा शर्ट माझा न्हाय.” बटण उचललं, माझ्याकडे वळून म्हणाला, “तंगी, अर्धा तास थांबा.” आणि पाठ फिरवून चालायला लागला. मला वाटलं, संपलं. आपलं कुणी नाही.

गेला कुठं होता? एसटी स्टँडवर, कपडे बदलायला! परत आला तो पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टात, आणि तोंडातून जे निघत होतं ते इथं छापता येणार नाही. सासरे गारठले, मुकाट्यानं कपाट उघडलं. कपाट रिकामं होतं. मधल्या अर्ध्या तासात सासऱ्यांनी माझी प्रमाणपत्रं न्हाणीच्या चुलीत घातली होती.

मी त्याच्याबरोबर निघाले ती कायमची. कागदांच्या नकला मिळेपर्यंत ती नोकरी हातची गेली. पुढं दुसरी मिळाली, त्यासाठी रजा खर्चून खेटे यानंच घातले, हे कबूल. पण माढ्याहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, हिरवा दोरा नव्हता म्हणून पांढऱ्यानंच त्याचं बटण लावता लावता, मी विचारलं होतं, “शर्ट मोठा का मी?” तो उठून म्हशीला वैरण टाकायला गेला. त्यानंतर मी कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही.

त्या वर्षापासून मात्र तो गावात वर्दीत दिसला नाही. साध्या कपड्यांत यायचा. पारावरचे लोक चेष्टा करायचे, फौजेतनं काढलं का म्हणून. मला वाटायचं, माझा बोल मनात धरून बसलाय.

परवा कुंभारीला गेले. दाराआड खुंटीला तोच शर्ट, पांढऱ्या दोऱ्याच्या बटणाचा. वीस वर्षांत इथं घातला नाही, मग टांगून कशाला ठेवलाय, असं मी वहिनीवर फणकारले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “गाडीतच बदलत हुते. मी इचारलं एकदा. म्हनले, परत तंगीनं हाक मारली तर अर्धा तास जायला नको.”

मी शर्ट खुंटीवरून काढला, नीट घडी घातली, पेटीत ठेवला. झाकण लावलं, कडी घातली. आणि मग अण्णाकडूनच शिकलेल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या शिव्या त्याला रडत रडत घातल्या.