उघडा डावा हात

ऐकू येणे नेमके कोणत्या दिवशी थांबले आणि कळणे कोणत्या दिवशी बोटांत उतरले? या प्रश्नाचे उत्तर टिचकीमावशीला कधी देता आले नाही, आणि तिची हकीकत लिहिताना इथेही ते सापडलेले नाही. निश्चित सांगता येते ते एवढेच, की चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात ती एकोणीस वर्षे एकाच टेबलाशी बसली. भट्टीतून आलेली बशी डाव्या हाताच्या तीन बोटांवर तोलायची आणि उजव्या हाताने टिचकी मारायची. अखंड बशी खणखणीत वाजे. केसाएवढा तडा असलेली बद्द. पुढे भट्टीच्या पंख्याच्या घरघरीने तिचे कान गेले. तरीही निवाडा चुकेना, कारण बशीची थरथर आता बोटांना कळू लागली होती.

हे गुपित शेजारच्या टेबलावरच्या धाकट्या जावेलाच ठाऊक होते. सुपरवायझर काही बोलला, की ती तेच मावशीकडे तोंड करून टोमणा मारल्यासारखे म्हणे, "ऐकलंत का जाऊबाई, जेवणाआधी दोनशे बशा हव्यात म्हणे! तुम्ही मात्र नवऱ्याच्या टकलावर मारल्यासारख्या हळूच टिचक्या मारा!" मावशी ओठ वाचून हसे. दोघींचे विळ्या-भोपळ्याचे सख्य आहे, अशीच साऱ्या कारखान्याची समजूत होती.

२००३ साली बशी ठोकून आवाज तपासणारे यंत्र आले. मावशी आणि यंत्र, दोघांची शंभर बशांवर परीक्षा ठरली. मावशी हरली तर टेबल उचलले जाणार, आणि तिची रवानगी पॅकिंगला. तिथे मागून येणाऱ्या गाड्यांचा भोंगा ऐकू येणे ही पहिली अट. म्हणजे बहिरेपण उघडे पडून घरी बसण्याचीच पाळी.

प्रत्येक बशी आदल्या दिवशी शाईच्या पाण्यात बुडवून, तडा पाहून, निकाल बंद यादीत लिहिला होता. मग शाईचा मागमूस उरणार नाही अशा बशा धुऊन तळाला आकडे टाकले होते. हातमोजे तर आता सक्तीचेच होते. एरवी मावशी डावा मोजा एप्रनखाली गुपचूप काढी, पण त्या सकाळी मॅनेजरसाहेब समोर उभे होते. पहिल्या दहा बशांत तिचे तीन निवाडे चुकले. रबराआड बोटे मुकी झाली होती.

"वय झालं की कान दगा देतातच, मावशी," सुपरवायझर म्हणाला. "राहू द्या आता."

ते पुन्हा म्हणायला जावेने तोंड उघडले. मावशीने तिला हातानेच थांबवले; समोरच्या सुपरवायझरचे ओठ तिने स्वतःच वाचले होते.

"कान केव्हाच गेलेत, साहेब. पाच-सात वर्षं झाली असतील. मला हाताला कळतं. हा मोजा काढू द्या, बशा मिसळा आणि पहिल्यापासून मोजा."

"म्हणजे इतकी वर्षं आमच्या डोळ्यांत धूळ फेकलीत?"

"फेकली असेल. पण माझ्या हातून गेलेली एक तरी तडकी बशी परत आली का? आली असेल तर दाखवा."

सुपरवायझरने मॅनेजरकडे पाहिले. मॅनेजर म्हणाले, "काढा मोजा."

शंभरात एकवीस बशा तडकलेल्या होत्या. मावशीने वीस काढल्या, यंत्राने एकवीस.

"हरले," ती म्हणाली, आणि उठली नाही. "आता कप आणा."

कपाला कान जोडलेला असतो, तिथली थरथर निराळी. यंत्राला ती उमगेना. त्याने चांगले कपही धडाधड बाद केले. शाईच्या पाण्यात पडताळून पाहिले, तर मावशीने एकही चांगला कप टाकला नव्हता आणि एकही तडका सोडला नव्हता. दुपारपर्यंत निर्णय झाला: बशा यंत्राकडे, कप टेबलाकडे. तिच्या नावापुढे श्रवणदोषाचा शेरा पडला. तिने डावा मोजा सर्वांदेखत खणात टाकला.

"बिनकानाच्या बशा यंत्राला, कानवाले कप बहिरीला. वा रे न्याय!" जाऊ म्हणाली, या वेळी आवाज न काढता, नुसत्या ओठांनी.

२०१४ साली कपांचेही यंत्र आले. मावशी तेव्हा निवृत्त झाली होती. तिच्या हाताखाली शिकलेल्या दोघींना यंत्राने बाद केलेले कप पुन्हा तपासण्यासाठी कामावर ठेवण्यात आले.