शुक्रवारची आरोळी

स्टावरोसकाका गेले. आणि ओरडायचं नाही, हा त्यांचाच नियम.

तुमच्यापैकी फार कुणी त्यांना ओळखत नाही, म्हणून सांगतो.

काका ग्रीक. तरुणपणी जर्मनीत कार्ल्सरूहेच्या फॅक्टरीत कामाला आले आणि शिफ्ट सुटल्यावर गाववाले गोळा करून फुटबॉल क्लब काढला. दोन हजार चार-पाचच्या सुमारास मी तिथं पीएचडीला होतो, तोवर क्लब सेमी-प्रोफेशनल लीगमध्ये पोचला होता.

आपण पडलो कोल्हापूरचे. बॉल दिसला की पाय थांबणारच. कुंपणाला टेकून प्रॅक्टिस बघत होतो, तर हे मिशाळ गृहस्थ आले.

"काय बघतोस?"

"तुमचा गोलकीपर फार पुढं येतोय."

"बरं, मग तू ये आत!"

झालं. क्लबच्या दुसऱ्या टीमचा गोलकीपर झालो.

क्लबहाउसात पाऊल टाकलं आणि आमच्या पेठेतली तालीम आठवली. कोल्हापुरात फुटबॉलच्या टीमा तालमींच्याच असतात. तसेच भिंतीवर जुने टीम फोटो, तसेच पत्ते कुटत पोरांना शिव्या घालणारे म्हातारे. माया पण तशीच. फक्त चहाच्या जागी कॉफी.

आता त्या मॅचचं सांगतो.

पावसानं राहिलेली सीझनची शेवटची मॅच नेमकी ग्रीकांच्या गुड फ्रायडेला लागली. जर्मन लोकांचा कधीच होऊन गेला होता, ह्यांचं पंचांग वेगळं. तारीख काही बदलून मिळेना.

हरलो तर क्लब खालच्या लीगमध्ये जाणार. ड्रॉ झाला तरी वाचणार.

काकांनी जाहीर केलं, ग्रीक पोरं खेळणार नाहीत. त्या संध्याकाळी चर्चमधून फुलांनी मढवलेली देवाची तिरडी निघते. पोरांनी तिला खांदा द्यायचा.

टीमचा कॅप्टन यानिस, म्हणजे काकांचाच मुलगा. तो भडकला. "बाबा, उभं आयुष्य घातलंत ह्या क्लबात! खाली जाऊ आपण!"

"गेलो तर पुन्हा चढू. आज आपल्या घरात मयत आहे. देवाचं असलं म्हणून काय झालं?"

मग खेळणार कोण? दोन तुर्क, एक घानाचा, बाकी जर्मन, आणि गोलमध्ये कोल्हापूर! ग्रीकांचा निळा-पांढरा शर्ट त्यांच्या पिढीजात वैऱ्यांच्या, तुर्कांच्या अंगात. म्हाताऱ्यांनी कपाळावर हात मारले, पण काकांपुढं बोलणार कोण?

चर्चला निघताना काका आम्हाला म्हणाले, "जीव तोडून खेळा. पण गोल झाला तर नाचायचं नाही, ओरडायचं नाही. शेजारी मयत असताना कुणी ढोल वाजवतं का? आणि रिझल्ट मला रविवारपर्यंत सांगायचा नाही."

पहिला गोल समोरच्या टीमनं मारला.

मग आमच्या दोन तुर्कांपैकी मुराटनं फेडला. हात वर करून सुसाट पळत आला, अर्ध्यात आठवलं, आणि बिचारा मान खाली घालून चालायला लागला. आम्ही पण चिडीचूप. समोरचा कॅप्टन रेफरीला विचारतोय, गोल दिला की नाही?

शेवटच्या मिनिटाला आमच्याविरुद्ध पेनल्टी.

डावीकडं झेपावलो. बॉल मनगटाला लागून बाहेर गेला. त्यांचा कॉर्नर आम्ही लांब भिरकावला आणि शिट्टी झाली.

वाचलो!

पण घशात आरोळी अडकलेली, गिळता गिळेना. मुराटनं फक्त माझी मान घट्ट धरली.

रविवारी त्यांचं ईस्टर. क्लबच्या अंगणात निखाऱ्यावर अख्खं कोकरू. मसाला म्हणाल तर नुसतं मीठ-लिंबू. मटणात कोल्हापूरकराला शिकवायचं नाही, पण खरं सांगतो, बोटं चाटली.

यानिसनं दोन दिवस तोंडाला कुलूप लावलं होतं. कोकरू फिरवता फिरवता काकांनी मला हाक मारली.

"आता सांग."

"ड्रॉ झाली, काका. वाचलो आपण."

काकांचे डोळे भरून आले. आणि पुढच्या क्षणी माणूस उखडलाच. "असं सांगतात होय? शुक्रवारची राहिलीय ना तुझी? ओरड!"

पेठेत गोल झाल्यावर ठोकतात तशी आरोळी ठोकली राव! मुराट ओरडला, यानिस ओरडला, म्हाताऱ्यांनी पत्ते उधळले. समोरच्या जर्मन बाईनं खिडकी उघडून बघितलं. सगळ्यांत मोठा आवाज काकांचा.

आयुष्यभराची कमाई पणाला लागलेली असताना हा माणूस ती आमच्या हातात देऊन देवाला खांदा द्यायला गेला. आम्ही परके नव्हतो, हे आमच्याआधी त्यांना माहीत होतं. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी पुन्हा बघितला नाही.

सकाळी यानिसचा फोन आला. "शुक्रवारी नेणार आहोत. मुराट येतोय. तू पण खांद्याला ये."

मी आता रेगेन्सबर्गला असतो, तिथून निघतोय.

काका, शुक्रवारी तोंडातून शब्द काढणार नाही. आपल्या घरात मयत आहे.

रविवारी क्लबची मॅच आहे. तेव्हा ओरडतो.

या आता.